ऑटिझमचं निदान झाल्यावर: लवकर सुरुवात करा, पण घाई करू नका

असेसमेंटचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक आईवडील तो शेवटून वाचतात. मधले तक्ते, 'नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद अनियमित' असली वाक्यं तेव्हा कुणी बघत नाही. नजर थेट शेवटच्या पानावरच्या 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' या शब्दांवर जाते. खाली थेरपींची यादी असते आणि बहुधा एक सूचना: लवकरात लवकर सुरू करा. त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही. मोबाइलवर वाचता वाचता एवढं कळतं की पहिल्या पाच वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो. मूल साडेतीन वर्षांचं असतं. मग हिशेब सुरू होतो: म्हणजे हातात दीडच वर्ष उरलं.

नव्या पालकांसोबत बसताना हा हिशेब मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. निदानानंतरच्या वर्षात घरांचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं याच हिशेबापोटी होतं असं माझं मत झालं आहे. आई तडकाफडकी नोकरी सोडते, एफडी मोडली जाते, मूल सकाळी स्पीच थेरपी, दुपारी ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), संध्याकाळी आणखी काहीतरी अशा फेऱ्यांत दमून जातं, आणि 'सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो' म्हणणाऱ्याच्या दारात पैसे मोजले जातात. मदत लवकर सुरू करावी, यात वाद नाही. पण लवकर वेगळं आणि घाईघाईने वेगळं. पाचवा वाढदिवस झाला म्हणून मेंदूला कुणी कुलूप लावत नाही. सातव्या-आठव्या वर्षी बोलायला लागणारी मुलं आहेत, आणि विशीत एकट्याने बस पकडायला शिकणारी माणसंही आहेत.

रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलेलं असतं

ऑटिझम, म्हणजे मराठीत स्वमग्नता, रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. डॉक्टर मुलाला खेळताना बघतात, आईवडिलांना तासभर प्रश्न विचारतात आणि त्यावरून निदान करतात. ते बघतात दोन गोष्टी.

पहिली, माणसांशी देवाणघेवाण. वर्षा-सव्वा वर्षाचं मूल गॅलरीत घास खाताना कावळा दिसला की बोट दाखवतं, मग आईकडे बघतं, मग पुन्हा कावळ्याकडे. 'मला दिसलं, तुला दिसलं का?' हे त्यात आलं. अजून एकही शब्द येत नसताना हा संवाद चालू झालेला असतो. ऑटिझम असलेल्या मुलात अशी बोट दाखवण्याची, वस्तू आणून दाखवण्याची सवय उशिरा येते, कमी असते किंवा वेगळ्याच रूपात असते. पाणी हवं असेल तर ते आईचा हात धरून माठापर्यंत नेतं. बोट दाखवत नाही, वळून तिच्याकडे बघतही नाही. म्हणून 'बोलत नाही' या तक्रारीपेक्षा 'दाखवत नाही' ही तक्रार डॉक्टरांना जास्त महत्त्वाची वाटते.

दुसरी, तेच ते करण्याची ओढ आणि संवेदनांचा वेगळेपणा. गाड्या ओळीत लावणं, पंख्याकडे बघत राहणं, हात फडफडवणं, टीव्हीवरची जाहिरात शब्दन् शब्द म्हणणं. शाळेला जायचा रस्ता बदलला की रडून आकांत. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात, पण शेजारच्या लग्नाचा डीजे चालतो. गणवेशाच्या कॉलरचं लेबल टोचतं म्हणून शर्टच नको. जेवायला फक्त पांढरा भात, आणि त्यावर वरणाचा थेंब पडला तर ताट बाजूला. घरच्यांना हे हट्ट वाटतात. मुलाच्या बाजूने बघितलं तर आवाज, स्पर्श, वास त्याच्यापर्यंत आपल्यापेक्षा फार जोरात किंवा फार हळू पोचत असतात, आणि रोजचं तेच ते ठेवल्याने त्याला जरा सावरल्यासारखं होतं.

2013 पर्यंत ऑटिझम, अ‍ॅस्पर्जर अशी वेगवेगळी निदानं दिली जायची. त्या वर्षी अमेरिकी मनोविकार संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत ती सगळी 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एका नावाखाली आणली आणि लेव्हल 1, 2, 3 अशा पायऱ्या दिल्या. मुलाला आजच्या घडीला किती मदत लागते, एवढंच ही लेव्हल सांगते. ती पुढे बदलू शकते. बुद्धी किती, मूल पुढे बोलेल का, हे त्या आकड्यात शोधू नये; बौद्धिक अक्षमता काही मुलांत असते, काहींत नसते, आणि ती वेगळी तपासावी लागते.

भारतात आणखी एक आकडा समोर येतो. बौद्धिक दिव्यांगत्वावर काम करणाऱ्या, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली 'इसा' नावाची चाचणी आहे. त्यात 40 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. एकूण 70 च्या खाली ऑटिझम नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र. या गुणांवरून दिव्यांगत्वाची टक्केवारी काढतात आणि ती प्रमाणपत्रावर छापली जाते. '60 टक्के' वाचून 'म्हणजे आमच्या मुलाचा मेंदू चाळीसच टक्के चालतो का?' असं विचारणारे बाबा मला भेटले आहेत. तसं काही नाही. ही टक्केवारी सरकारी सवलतींसाठीची आहे. तिचा उपयोग खिडकीवर कागद देताना करायचा, मुलाकडे बघताना नाही.

रिपोर्टमध्ये नसेल तर दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. श्रवणाची तपासणी झाली आहे का? बोलायला उशीर असलेल्या मुलाची बेरा चाचणी आधी व्हायला हवी. ऐकू कमी येणारं मूलही हाकेला ओ देत नाही. आणि झटके, झोप, बद्धकोष्ठ यांबद्दल कुणी चौकशी केली का? ऑटिझमसोबत फिटचा आजार असण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आहे. रात्र रात्र न झोपणारं किंवा चार दिवस पोट साफ न झालेलं मूल दिवसा चिडचिड करणारच, आणि ती चिडचिड सगळी ऑटिझमच्या खात्यावर मांडली जाते.

मुलींचं निदान अनेकदा उशिरा होतं. शांत बसणारी, दुसऱ्या मुलींकडे बघून त्यांच्यासारखं वागून घेणारी मुलगी 'लाजाळू' म्हणून सुटून जाते, आणि सातवी-आठवीत मैत्रिणींचं राजकारण सुरू झालं की कोलमडते.

कुणाचं चुकलं?

कुणाचंच नाही. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

लिओ कॅनर या डॉक्टरने 1943 साली अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन केलं, तिथून या निदानाचा इतिहास सुरू होतो. पुढची दोन दशकं तिथल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी याचं खापर आयांवर फोडलं: आई थंड, मायाळू नाही, म्हणून मूल मिटून जातं. त्यांच्यातल्या ब्रूनो बेटेलहाइमने हा सिद्धान्त घरोघरी पोचवला. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचा बाप होता, या सिद्धान्ताच्या चिंधड्या उडवल्या. त्यानंतर जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून दिसत आलं आहे की ऑटिझममध्ये अनुवंशाचा वाटा फार मोठा असतो आणि त्यात एक नाही, शेकडो जनुकं गुंतलेली असतात. आईने गरोदरपणी काम केलं, मूल पाळणाघरात ठेवलं, या कशानेही ऑटिझम होत नाही. तरी आपल्याकडे 'तू नोकरी करतेस ना, म्हणून' हे वाक्य अजून ऐकू येतं. बेटेलहाइम गेला, पण त्याचं काम नातेवाईक चालवतात.

लसीचं प्रकरणही असंच. 1998 मध्ये अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरने बारा मुलांवरचा एक लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवला. 2010 मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि ब्रिटनमध्ये वेकफील्डचा डॉक्टरकीचा परवानाही रद्द झाला. त्यानंतर लाखो मुलांच्या अभ्यासात असा संबंध सापडलेला नाही. लसीची वेळ आणि ऑटिझमची लक्षणं ठळक होण्याचं वय जवळजवळ येतं, म्हणून शंका येते. काही मुलं दीड-दोन वर्षांच्या सुमारास आलेले शब्दही गमावतात, तेव्हा तर ती जास्तच येते.

मोबाइलचा मामला थोडा नाजूक आहे. मोबाइलने ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही, 'व्हर्च्युअल ऑटिझम' हे अधिकृत निदानही नाही. पण दिवसाचे चार तास स्क्रीनसमोर गेले तर तेवढे तास माणसांशी खेळणं बुडतं, आणि ज्या मुलाला माणसांशी खेळायला आधीच अवघड जातं त्याला हे जास्त महागात पडतं. तेव्हा स्क्रीन कमी करावी, स्वतःला दोष न देता.

रडू येतं, त्याचं काय

येऊ द्यावं. आठ-दहा महिन्यांनी पुन्हा येतं, शेजारच्या मुलाच्या मुंजीत येतं, शाळेच्या गॅदरिंगला येतं. जिम सिंक्लेअर या ऑटिझम असलेल्या कार्यकर्त्याने 1993 मध्ये टोरंटोच्या परिषदेत पालकांना सांगितलं होतं की तुम्ही ज्या मुलाची वाट पाहत होता ते आलं नाही, याचं दुःख जरूर करा, पण ते समोर आलेल्या मुलावर लादू नका. ते तुमची वाट बघत उभं आहे. पालकांना हे ऐकायला कडू लागतं, पण 'असं बोलू नये, देवाने खास आईलाच खास मूल दिलं' या धीरापेक्षा मला ते कितीतरी प्रामाणिक वाटतं.

नवराबायको एकाच वेळी एकाच ठिकाणी नसतात. बहुतेक घरांत आईला शंका आधी येते आणि बाबा 'मीही तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो' म्हणत राहतात. याला भांडणाने उत्तर मिळत नाही. त्यांना असेसमेंटला सोबत न्यावं, एखाद्या सेशनला खुर्चीवर बसवावं. कानाने न पटलेलं डोळ्यांनी बघून अनेकदा पटतं.

आजी-आजोबांना 'स्पेक्ट्रम' समजावत बसू नये. 'त्याला मोठ्या आवाजाचा त्रास होतो, म्हणून आरतीच्या वेळी तो आत बसेल' एवढं सांगितलं तर ते समजतं, आणि पुढच्या वेळी आजीच झांजा हळू वाजवायला सांगते. काम सांगितलं की माणसं सामील होतात. निदान सांगितलं की सल्ले देतात. सल्ले तर येणारच: नजर काढा, अमुक गावच्या वैद्याकडे न्या, दुसरं मूल होऊ द्या म्हणजे हा शिकेल. दर वेळी वाद घालायची गरज नाही. 'बघते' म्हणून विषय संपवता येतो.

थेरपी: किती, कुठली, कुणाकडे

ऑटिझमच्या गाभ्यावर औषध नाही. रिस्पेरिडोनसारखी औषधं डॉक्टर देतात ती तीव्र चिडचिड किंवा स्वतःला इजा करून घेणं कमी करण्यासाठी. फिट, झोप, अतिचंचलता यांवरही औषधं आहेत आणि ती गरज असेल तर जरूर घ्यावीत. बाकीचं काम शिकवण्याचं आहे. स्पीच थेरपिस्ट संवादावर काम करतात, ऑक्युपेशनल थेरपिस्ट संवेदना, हातांची कामं आणि कपडे घालण्या-जेवण्यासारख्या रोजच्या गोष्टींवर, स्पेशल एज्युकेटर शिकण्यावर. वर्तनाच्या पद्धतीने शिकवणाऱ्याही थेरपी आहेत. सगळ्या एकदम लागतात असं नाही. आज घरात सगळ्यात जास्त अडतंय कुठे? तिथून सुरुवात करावी.

यातली सगळ्यात स्वस्त आणि तरी मागे पडणारी मदत म्हणजे आईवडिलांना शिकवणं. याचा एक नीट तपासलेला नमुना आपल्या शेजारीच घडला. ब्रिटनमध्ये तयार झालेली एक पालक-केंद्री पद्धत गोव्यातल्या 'संगत' या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीतल्या चमूने आपापल्या भाषेत, आपापल्या घरांत बसवली. ती शिकवणारे डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यकर्मी होते. 65 मुलांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आले. आईवडील मुलाच्या कलाने वागायला शिकले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. चमत्कार नव्हता. पण तज्ज्ञ नसलेल्या तालुक्यातही काहीतरी करता येतं, हे त्यातून दिसलं.

या पद्धतीत आई आणि मूल खेळत असतानाचा छोटा व्हिडिओ काढतात आणि नंतर तो तिच्यासोबत बघतात. समजा मुलगा फरशीवर डब्याचं स्टीलचं झाकण फिरवतोय. आई समोर चेंडू धरून म्हणते, "हे बघ, बॉल. म्हण, बॉल. बॉल!" मुलगा पाठ करतो. व्हिडिओ थांबवून आरोग्यकर्मी ताई विचारते, "इथे काय झालं?" आई म्हणते, "ऐकतच नाही." ताई दोन सेकंद मागे नेते: चेंडू आणण्यापूर्वी झाकण खणखणत पडलं, तेव्हा त्याने एकदा वर, आईच्या तोंडाकडे बघितलं होतं. तेव्हा आई पिशवीत चेंडू शोधत होती. पुढच्या वेळी आई चेंडू आणतच नाही. दुसरं झाकण घेऊन त्याच्या शेजारी, त्याच्याच उंचीवर बसते आणि फिरवते. बोलत नाही. झाकण पडलं की फक्त म्हणते, "पडलं!" आणि थांबते. आपल्याला थांबणं जमत नाही, पाच सेकंदही फार वाटतात. मुलगा झाकण उचलतो आणि तिच्याकडे सरकवतो. पुन्हा कर. शब्द आला नाही, पण संभाषण झालं. शब्द येतात ते बहुधा याच वाटेने.

भाषेबद्दल एक सल्ला अजून सर्रास मिळतो: घरात एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी, कारण शाळा इंग्रजी आहे. पुण्यातही मिळतो आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही मिळतो. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. उलट ज्या आईला इंग्रजीत अंगाई येत नाही, रागावता येत नाही, लाड करता येत नाहीत, ती मोडक्या इंग्रजीत 'कम, सिट, ईट' एवढंच बोलायला लागते आणि मुलाच्या कानावर पडणारी भाषाच आटते. आजी तर खोलीतूनच बाद होते. तुम्हाला जी भाषा सहज येते ती बोला.

मूल बोलत नसेल तर चित्रांची कार्डं किंवा बोलणारं अ‍ॅप वापरायला घाबरू नये. 'याची सवय लागली तर बोलणारच नाही' ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. काही मुलांचं बोलणं त्याने वाढतंच. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीत चालतं. 'पोट दुखतंय' हे सांगता येणं ही चैन नव्हे.

थेरपिस्ट निवडताना फलकावरची नावं मोजू नका. स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्याच्या परिषदेकडे. नंबर विचारायला लाजू नका. मग विचारा: पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचं ठरवलंय? घरी मी काय करू? मला आत बसून बघता येईल का? 'पालक आत आले की मूल ऐकत नाही' असं म्हणत दार कायम बंद ठेवणाऱ्या ठिकाणी मी माझं मूल ठेवणार नाही. मुलाला रोज रडवत, धरून ठेवून करवलेली थेरपी ही शिस्तही नाही आणि उपचारही नाही. 'डोळ्यात बघ' म्हणून हनुवटी धरणं हा तर निव्वळ आपल्या समाधानाचा भाग झाला. अनेक ऑटिस्टिक प्रौढ सांगतात की डोळ्यात बघायला लावलं की ऐकणंच अवघड होतं.

आणि ज्यांना ठाम नाही म्हणायचं ते. शरीरातले 'जड धातू' काढणारं चिलेशन: 2005 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचा या उपचारात मृत्यू झाला. स्टेम सेल, म्हणजे मूळपेशींचे उपचार: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता स्टेम सेल उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाहीत, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत. कुणी लाखांत पॅकेज सांगत असेल तर तिथेच उठावं. गहू-दूध बंद करण्याच्या पथ्याला सरसकट पुरावा नाही. जे मूल मुळात चारच पदार्थ खातं त्यातले दोन काढून घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पैसे, कागद, शाळा

खासगी केंद्राची फी परवडत नसेल तर आधी जिल्हा रुग्णालयात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे डीईआयसी नावाचं केंद्र असतं. तपासणी आणि थेरपी मोफत मिळते. गर्दी असते, तारखा लांबतात, काही जिल्ह्यांत पदं रिकामी असतात. तरी नाव नोंदवून ठेवावं. याच कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलं तपासायला येतात. खेड्यात असाल तर अंगणवाडीताईंना त्यांची तारीख विचारा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था वाचा-श्रवणासाठी आहे, आणि सिकंदराबादच्या त्याच राष्ट्रीय संस्थेचं विभागीय केंद्र नवी मुंबईत आहे. स्वयंसेवी संस्थांत मुंबईत 'उम्मीद' आणि पालकांनी उभा केलेला 'फोरम फॉर ऑटिझम', पुण्यात 'प्रसन्न ऑटिझम सेंटर' ही नावं पालकांच्या बोलण्यात नेहमी येतात.

कागदांबद्दल घरोघरी एकच अडचण: 'शिक्का बसेल'. ऑटिझम 1995 च्या अपंगत्व कायद्यात नव्हताच. 2016 च्या कायद्यात जी 21 प्रकारची दिव्यांगत्वं धरली त्यांत तो स्पष्टपणे आला. त्यासाठी पालकांच्या एका अख्ख्या पिढीने खेटे घातले आहेत. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून कपाटात ठेवलं तर कुणाला दाखवायचं ते तुमच्या हातात राहतं. 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर शिक्षणातलं आणि नोकरीतलं आरक्षण, आयकरात सवलत, अशा गोष्टी त्यावर मिळतात. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतची आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात काही मर्यादेपर्यंत मिळतो. दरवर्षी नूतनीकरण करायला लोक विसरतात, तेवढं जपा.

शाळेत लपवून प्रवेश घ्यावा का, हा प्रश्न दर जूनमध्ये येतो. माझं उत्तर नाही असं आहे. लपवलं तर पहिल्याच महिन्यात बाईंना 'वात्रट मुलगा' दिसतो. सांगितलं तर निदान मदत मागायला जागा राहते. दिव्यांगत्व आहे म्हणून प्रवेश नाकारणं कायद्यात बसत नाही, आणि आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के जागांत दिव्यांग मुलं वंचित गटात धरली जातात. तरी शाळा तोंडी नाही म्हणतात, हेही खरं. अशा वेळी 'हे लेखी द्या' एवढं शांतपणे म्हणून बघावं. बऱ्याचदा सूर बदलतो. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत, पण त्यांचे कागद शाळेमार्फत जातात. आठवी-नववीतच विचारणा करा.

अठरा वर्षांनंतर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ज्या मुलाला बँक, मालमत्ता यांचे निर्णय घेणं जमणार नाही त्याच्यासाठी नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या आईबाबांना हे आज वाचायची गरज नाही. असं काही आहे, एवढं माहीत असू द्या.

दुसरे पालक, आणि तुम्ही स्वतः

डॉक्टर जे सांगू शकत नाहीत ते दुसरी आई सांगते: कुठला केस कापणारा घरी येतो, कुठल्या थिएटरात आवाज कमी असतो, रेल्वेच्या प्रवासात काय करायचं, मॉलमध्ये मूल जमिनीवर लोळायला लागलं की बघ्यांना कसं झटकायचं. पालकांच्या गटात जा. पण व्हॉट्सअ‍ॅप गटात रात्री बारा वाजता 'माझ्या मुलाला अमुक पावडरने फरक पडला' असे मेसेज सुरू झाले की फोन बाजूला ठेवा. फरक पडला असेलही. मुलं वाढतही असतात.

भावंडांशी सरळ बोला. 'दादाला गर्दीत त्रास होतो' हे चार वर्षांच्या बहिणीला कळतं. तिला आत्तापासून 'मी गेल्यावर तुलाच बघायचंय' सांगू नका. तिच्या वाट्याला आठवड्यातला एखादा तास एकटे आईबाबा आले तर तिला तेवढं पुरतं.

आईची झोप, बाबांची दारू, दोघांतलं बंद पडलेलं बोलणं, यासाठीही मदत घ्यावी लागते आणि ती थेरपीच्या बजेटमध्येच धरावी. 'टेली मानस' या सरकारी दूरध्वनी सेवेवर, 14416 या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं.

आणखी एक गोष्ट अलीकडे वारंवार घडते. मुलाच्या रिपोर्टमधले प्रश्न वाचताना आई किंवा बाबा मध्येच थांबतात: हे तर माझंच आहे. लहानपणी लग्नघरातून पळून गच्चीवर बसणं, एकाच विषयाचं वेड, लोकांशी काय बोलायचं ते आधी मनात पाठ करून जाणं. अनुवंशाचा वाटा पाहता यात नवल काहीच नाही. मोठ्यांचं निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात; सगळ्यांना त्याचा अनुभव नसतो, तेव्हा फोनवरच विचारून घ्यावं. काही जण निदान करून घेत नाहीत, नुसतं कळल्यानेच त्यांना हायसं वाटतं. काही जण करून घेतात, आणि मग ऑफिसात 'मला मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी द्या' असं पहिल्यांदाच मोकळेपणाने सांगतात.